घरच्या झटपट नूडल्स: पीठ कोणतं, वाफ किती, मसाला कशाचा?

गोदाकाठ (नांदेड)

राम राम मंडळी. उन्हाळा तापायला लागलाय, गच्च्यांवर लवकरच पापड-कुरडया दिसतील. त्याच वाळवणात यंदा घरच्या नूडल्सचा एक डबा बसवायचा आहे. खाणारी दोन शाळकरी मुलं आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेले आजोबा.

मैदा नको, तळलेलं नको, मीठ पाकिटापेक्षा बरंच कमी हवं. मुलं शाळेतून आली की पाचेक मिनिटांत वाटीत पडलं पाहिजे. चपातीची कणीक सोऱ्यातून पाडून तशीच वाळवली तर शिजताना तुकडे पडतात आणि पाणी पेजेसारखं होतं, इतकं माहीत आहे. त्यापुढचं सांगा. पीठ कोणतं, पाणी किती, वाफवायचं की नाही, आणि त्या मसाल्याच्या पुडीच्या जागी काय? कृपया मापं नेमकी द्या, 'अंदाजे घ्या' नको.

उन्हाळी

शेवयांचा डबा घरात असतोच ना? त्याच उकळा, वरून फोडणी द्या. वेगळं कशाला काही करायचं?

वळवट (परभणी)

उन्हाळीताई, खिरीच्या शेवया इथं चालत नाहीत. त्या एक मिलिमीटरहून बारीक असतात आणि बहुतेक घरी पीठ बिनमिठाचं भिजवतात, कारण पुढं दूध-साखरेत जायच्या असतात. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटांत गळतात. तुपावर भाजून उपमा केला तर छान लागतात, पण रस्सा असलेल्या नूडल्सला दोरा जाड लागतो, दीड ते दोन मिलिमीटरचा. शेवयांच्या मशीनला बारीकच्या पुढची जाळी मिळते, ती लावा.

गोदाकाठ, आता मूळ प्रश्न. पाकिटातली वडी दोन मिनिटांत का शिजते हे एकदा कळलं की घरी काय करायचं ते आपोआप ठरतं. कारखान्यात दोरे आधी वाफवतात, म्हणजे पिठातला स्टार्च तिथंच शिजतो. मग ती वडी गरम तेलात एक-दोन मिनिटं तळतात. पाणी झटक्यात उडून जातं आणि दोऱ्यात बारीक बारीक छिद्रं राहतात. आपण गरम पाणी ओतलं की ते छिद्रांतून सरळ आत शिरतं. जपानात मोमोफुकु अँडो यांनी १९५८ साली हीच तळून वाळवायची पद्धत बाजारात आणली. तळलेल्या वडीत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असतं ते याच पायरीमुळं, आणि ते तेल बहुतेक पामतेल असतं.

घरी यातली पहिली पायरी ठेवायची आणि दुसरी सोडायची. वाफवायचं, मग तळण्याऐवजी वाळवायचं. छिद्रं नसल्यामुळं दोनाच्या जागी चार मिनिटं लागतील. वाफ न देता नुसतं वाळवलं तर तोच दोरा सात-आठ मिनिटं घेतो आणि शिजेपर्यंत वरचा थर पाण्यात विरघळतो. तुमची 'पेज' होते ती इथंच.

गोदाकाठ

चार मिनिटं चालतील. कणीक तुटते ती नुसती वाफ नसल्यामुळं, की पिठाचाही दोष आहे?

सूपपाखड (जालना)

पिठाचाही आहे. चपातीला आपण लोकवन किंवा सिहोर वापरतो. तो गहू मऊ चपातीसाठी चांगला, दोऱ्यासाठी कमी पडतो. त्यात चक्कीवरचं पीठ गरम होऊन येतं, स्टार्चचे कण फुटलेले असतात, ते पाणी जास्त ओढतात. वरून कोंड्याचे धारदार तुकडे पिठाची जाळी मधून मधून कापतात. दोरा तिथंच तुटतो.

शेवयांना जुनी माणसं बन्सी गहू का धरून बसायची, त्याचं कारणही हेच. बन्सी कडक, पिवळसर, प्रथिनं जास्त, शिजल्यावर दोरा ताठ राहतो. इटलीतला पास्ता याच जातकुळीच्या गव्हाचा. किराणा दुकानात 'बन्सी रवा' म्हणून मिळतो, त्यातला सगळ्यात बारीक घ्या किंवा मिक्सरला एकदा फिरवून घ्या.

५०० ग्रॅमचं प्रमाण असं: बारीक बन्सी रवा ३०० ग्रॅम, कणीक २०० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, पाणी १९० ते २०० मिली. कणीक मैद्याच्या चाळणीनं चाळा, जमल्यास मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करा. मीठ सगळं काढू नका, एक टक्का मिठानं पीठ घट्ट बांधलं जातं. पाणी एकदम ओतायचं नाही. तीन भागांत घालायचं आणि हातानं चोळत जायचं. सुरुवातीला ते ओल्या वाळूसारखं भुरभुरीत दिसेल आणि हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडं जाईल. तिथं थांबायचं. मूठ दाबल्यावर गोळा होतो आणि बोटानं टोचल्यावर फुटतो, इतकंच हवं. ओल्या फडक्याखाली एक तास ठेवा. रवा पाणी हळू पितो, तासाभरानं तेच पीठ मऊ लागेल. मग दहा मिनिटं चांगलं तिंबा.

हे पाणी मशीनसाठी. हातसोऱ्यातून पाडणार असाल तर आणखी ४० ते ५० मिली घाला, नाहीतर दांडा फिरणारच नाही.

खमंग_फोडणी

गावात विजेवर चालणारं शेवयांचं मशीन आहे, पीठ नेलं की पाडून देतात. तिथून आणल्या तर?

सूपपाखड

चालेल की. दोन गोष्टी आधी बोलून घ्या. एक, जाड जाळी लावायला सांगा, न सांगता बारीकच लावतात. दुसरं, मैदा मिसळू नका म्हणून बजावा. मैद्यानं मशीन सुरळीत चालतं, दोरा तुटत नाही, म्हणून मशीनवाले तोच सुचवतात. रवा-कणकेचं पीठ वस्त्रगाळ करून नेलं तर अडत नाही. आणि पाडल्याबरोबर घरी आणून तासाभरात वाफवा. डब्यात दाबून ठेवलेल्या ओल्या शेवयांचा अर्ध्या दिवसात गोळा होतो.

तुरीचं_वरण (लातूर)

इतका खटाटोप करण्यापेक्षा कुरडया आहेत. न तळता गरम पाण्यात भिजवल्या की मऊ होतात, भाजी करतातच की आपल्याकडं. ताटलीत नूडल्स म्हणून वाढा, पोरं विचारायची नाहीत.

वळवट

चवीला कुरडईची भाजी उत्तमच, दादा. पण इथं प्रश्न पौष्टिकाचा आहे. कुरडईला गहू तीन दिवस भिजवून वाटतो, चीक गाळून घेतो आणि चोथा जनावरांपुढं टाकतो. कोंडा आणि चिकट प्रथिनांचा बराचसा भाग त्या चोथ्यातच जातो. खाली बसतो तो चीक म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. मैद्यात निदान प्रथिनं तरी शिल्लक असतात. रोजच्या डब्यासाठी कुरडई धरली तर मुलांच्या वाट्याला पाकिटाहूनही कमी येईल.

मालदांडी (बीड)

गव्हावरच का अडलात सगळे? आपला भाग ज्वारीचा. शाळूच्या पिठाच्या नूडल्स उत्तम होतात.

सूपपाखड

होतात, पण वाळवून टिकवायला अवघड, भाऊ. गव्हाचं पीठ बांधून धरणारं चिकट प्रथिन, ग्लुटेन, ज्वारीत नाही. गव्हासारखं भिजवून पाडलं तर उकळत्या पाण्यात नुसता भुगा होईल.

मालदांडी

भिजवून नाही, उकड काढून. ताज्या भाकरीसाठी पीठ असेल तसं. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, दोन वाट्या पाणी, पाव चमचा मीठ, एक चमचा तेल. पाणी खळखळ उकळलं की गॅस बारीक करून पीठ एकदम ओता, उलथन्याच्या दांड्यानं ढवळा, झाकून पाच मिनिटं ठेवा. परातीत काढून पाण्याचा हात लावत गरम असतानाच मळा. थंड झाली की उकडीला भेगा पडतात आणि सोऱ्यातून दोरा तुकड्या-तुकड्यानं येतो. इडलीच्या ताटल्यांना तेल पुसून शेवेच्या मध्यम जाळीनं त्यावर पाडा, आठ ते दहा मिनिटं वाफवा.

आता मुख्य गोष्ट. वाफेतून काढल्यावर लगेच सुटं करायला जाऊ नका. पूर्ण गार होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं. गरम असताना हात लावला तर लगदा. गार झाल्यावर स्टार्च घट्ट बसतो आणि दोरा बोटानं अलगद सुटतो. मग फोडणीत परता. पाण्यात पुन्हा उकळायचं नाही.

पीठ आठवड्याच्या आतलं पाहिजे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी फुटते तसा दोराही तुटतो. शाळू मालदांडी असो, जालन्याची दगडी ज्वारी असो, की परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, दळण ताजं असेल तर तिन्ही जमतात. लोह आणि जस्त जास्त हवं तर परभणी शक्ती हा वाण त्यासाठीच काढलाय, मिळाला तर बघा.

सूपपाखडांचं एक मात्र खरं आहे. या नूडल्स त्या दिवशीच्या. वाळवल्या तर ठिसूळ होतात, आणि पाचव्या हिश्श्याइतकं तांदळाचं पीठ घातलं तरी जेमतेमच टिकतात.

मांजराकाठ

ज्यांना गहू चालतच नाही त्यांच्या घरी मालदांडींची कृती कामाची आहे, पण थोडं सांभाळून. डॉक्टरांनी सिलिॲक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) म्हणून गहू पूर्ण बंद केला असेल तर चक्कीत आधीचं दळण गव्हाचं असता कामा नये, थोडं पीठही त्रास देतं. बाजारच्या बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, पाकीट वाचा. आणि येसर घालणार असाल तर त्यातही गहू असतो.

गोदाकाठ

येसर? नूडल्समध्ये?

वळवट

मांजराकाठांनी योग्य वस्तूचं नाव काढलं, मी त्यावरच येणार होते.

पाकिटातल्या पुडीची तीन कामं असतात. खारट-चमचमीत चव देणं, रस्सा दाट करणं, आणि हे सगळं कोरड्या भुकटीतून दोन मिनिटांत करणं. आपल्या येसराची कामं हीच. भाजलेली धान्यं आणि मसाला एकत्र दळलेला असतो, पाण्यात कालवून उकळी आली की आमटी दाटते. धान्य आधीच भाजलेलं म्हणून कच्च्या पिठाची चव लागत नाही आणि शिजायला वेळ लागत नाही. पुडीत स्टार्च, साखर, मीठ आणि चव वाढवणारे पदार्थ ज्यासाठी घालतात, त्यातलं निम्मं काम येसर एकटं करतं. मराठवाड्यातल्या घरात ही पुडी आधीपासूनच आहे, फक्त तिच्याकडं आपण आमटीपुरतंच बघतो.

नूडल्ससाठी येसर थोडं वेगळं करायचं. गहू एक वाटी, हरभरा डाळ अर्धी वाटी, ज्वारी पाव वाटी, धने पाव वाटी, जिरे दोन चमचे, मिरी एक चमचा, लवंगा सहा, दालचिनी दोन बोटं, दगडफूल चिमूटभर, सुक्या लाल मिरच्या सहा-सात. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. गहू मंद आचेवर आठ-दहा मिनिटं घेतो, डाळ पाच-सहा, ज्वारी फुलायला लागली की उतरवायची. सगळं एकत्र टाकलं तर धने जळतात आणि गहू कच्चा राहतो. आमटीच्या येसरात खोबरं आणि तेल असतं, ते इथं वर्ज्य. तेलकट जिन्नस असला की महिन्याभरात भुकटीला खवट वास येतो. खोबरं, तीळ, शेंगदाण्याचं कूट हवं तर वाढताना वरून घाला. पूर्ण गार झाल्यावर बारीक दळा आणि चाळा. रवाळ राहिलं तर वाटीच्या तळाशी बसतं.

आता आठ वाट्यांचा मसाला. वरचं येसर ४ मोठे चमचे, वाळवलेल्या कांद्याची पूड २ मोठे चमचे, वाळवलेल्या टोमॅटोची पूड १ मोठा चमचा, लसणाची पूड २ लहान चमचे, हळद १ लहान चमचा (वसमतची असेल तर रंगाला पाऊण पुरते), आमचूर १ लहान चमचा, साखर १ लहान चमचा, मीठ ८ ग्रॅम. एका वाटीला सपाट एक मोठा आणि अर्धा लहान चमचा. चिंचेची चव आवडत असेल तर कोळ शिजताना घाला, कोरड्या पुडीत चिंच ओल धरते आणि खडे होतात.

उन्हाळी

कांद्याची पूड विकतची घ्यायची की घरी होते?

खमंग_फोडणी

सध्याच्या उन्हात घरी फुकट होते. कांदा पातळ उभा चिरा, पाकळ्या सुट्या करा, मलमल झाकून तीन-चार दिवस. एक किलोचे शंभर-सव्वाशे ग्रॅम उरतात. हातात चुरडल्यावर पापडासारखा आवाज आला पाहिजे, मगच मिक्सरला लावा. टोमॅटोच्या बिया काढा, नाहीतर आठवडा लागतो. लसूण उन्हात ठेवण्याआधी चकत्या करा, अख्खी पाकळी आतून ओलीच राहते.

बालाघाटी

मीठ ८ ग्रॅम म्हणजे किती हे आजोबांच्या दृष्टीनं मांडायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम. पाकिटाच्या मागं सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. त्याला अडीचनं गुणा, मीठ मिळतं. तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वडीचा हेही बघा, फसगत तिथंच होते.

आता इथला हिशेब. पिठात ५ ग्रॅम आणि मसाल्यात ८, एकूण १३ ग्रॅम, आठ वाट्या. वाटीला १.६ ग्रॅम मीठ, सोडियम साधारण ६४० मिलिग्रॅम. दिवसाच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा एका वाटीत. मुलांना मधल्या वेळेला ठीक, पण आजोबांसाठी मसाल्यातलं मीठ ४ ग्रॅमवर आणा आणि आमचूर दीडपट करा. आंबट वाढलं की मिठाची उणीव जिभेला कमी जाणवते. आणि त्यांच्या नूडल्स भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्या, पिठातलं काही मीठ त्याबरोबर जातं. काळं तिखट किंवा विकतचा कांदा-लसूण मसाला घालणार असाल तर त्यातही मीठ असतं, ते धरून वरचं कमी करा. पोटॅशियमवालं 'कमी सोडियम' मीठ मात्र आजोबांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असला किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असल्या तर ते बाधतं.

तुरीचं_वरण

आणि अजिनोमोटो? सगळ्यात आधी ते विष बंद करा, बाकी मीठबीठ नंतर.

बालाघाटी

विष नाही, दादा. अजिनोमोटोतलं चव वाढवणारं ग्लुटामेट टोमॅटोत नैसर्गिकरीत्या असतंच, म्हणून तर वळवटताईंच्या मसाल्यात टोमॅटोची पूड आहे. अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के, मिठात ३९. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र देऊ नये, तसा इशारा आपल्याकडं पाकिटावर छापावा लागतो. घरी ते घालायची गरज पडत नाही इतकंच, कांदा-लसूण-टोमॅटो पुरेसे आहेत. मिठाच्या तुलनेत ही काळजी लहान आहे.

तुरीचं_वरण

तरी घरात आणणार नाही. टोमॅटो घालतो, भागलं.

रसायनी (छत्रपती संभाजीनगर)

एक मुद्दा राहिलाय. पाकिटावर घटकांत ५०० आणि ५०१ हे आकडे दिसतात. ते सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे क्षार. नूडल्सला ती रबरासारखी उसळी आणि पिवळा रंग त्यानं येतो. घरी खायचा सोडा ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवला की त्याचं सोडियम कार्बोनेट होतं, १०० ग्रॅमचे साधारण ६३ उरतात. ५०० ग्रॅम पिठाला त्यातलं अडीच ग्रॅम पाण्यात विरघळवून घाला, दोरा लवचिक होतो. ओल्या हातानं धरू नका, कातडी चरचरते.

मांजराकाठ

पापडखार चालेल का त्याऐवजी?

रसायनी

नको. पापडखारात काय मिसळलंय ते दुकानागणिक बदलतं, माप देता येत नाही.

सूपपाखड

मी क्षाराच्याच विरोधात आहे, रसायनीभाऊ. मैद्याला उसळी आणायला तो लागतो, बन्सीचा दोरा त्याशिवायही ताठ असतो. कणकेत क्षार पडला की कोंड्यामुळं रंग गढूळ पिवळा-तपकिरी होतो आणि साबणासारखी चव मागं राहते. क्षारानं थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) नष्ट होतं. कोंडा ठेवायचा तो जीवनसत्त्वांसाठी आणि वर क्षार घालून तीच घालवायची? शिवाय बालाघाटींनी एवढा हिशेब मांडला, त्यात अडीच ग्रॅम कार्बोनेटनं हजारेक मिलिग्रॅम सोडियम आणखी आणलं. वाटीला सव्वाशेच्या वर.

रसायनी

रंग आणि सोडियमचं मान्य. मग निव्वळ रवा-कणकेच्या घाण्यात नको. फक्त मैदा मिसळणाऱ्यांनी वापरावा.

खमंग_फोडणी

प्रथिनांसाठी सोयाबीनचं पीठ घातलं तर? लातूरकडं घरोघरी पोती असतात.

वळवट

दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५०० त ५० ग्रॅम. कच्चं सोयाबीन दळून घालायचं नाही. त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं जातात. रात्रभर भिजवा, वीस-पंचवीस मिनिटं उकळा, कडक वाळवा, मग दळा. दहाच्या वर गेलात की दोरा तुटायला लागतो. हरभऱ्याचं पीठ पंधरा टक्क्यांपर्यंत चालतं आणि चवीला बरं लागतं. शेवग्याच्या पाल्याची पूड मुलांसाठी घालायची असेल तर ५०० ग्रॅमला दोन लहान चमचे, त्यापुढं कडू.

उन्हाळी

वाफवून झाल्यावर चिकटतात त्याचं काय? आणि वाळताना तडे जातात.

सूपपाखड

दोन्ही याच ऋतूतल्या अडचणी. चिकटू नये म्हणून वाफवायच्या *आधी* तांदळाच्या पिठाचा हलका हात फिरवा. तेल लावू नका, डब्यात खवट होतं. चाळणीत किंवा इडलीच्या ताटल्यांत मुठीएवढे सैल गुंडाळे ठेवा, दाबून भरलेल्यांना मध्ये वाफ पोचत नाही. पाणी उकळल्यावर बारा मिनिटं. एक दोरा मोडून बघा, मधोमध पांढरा ठिपका दिसला तर आणखी तीन मिनिटं. काढल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली, मग बोटांनी सुटे.

तडे जातात ते थेट उन्हानं. एप्रिल-मेचं आपल्याकडचं ऊन चाळीसच्या वर आणि हवा कोरडी. बाहेरचा थर तासाभरात कडक होतो, आतली ओल नंतर सुकते, आतला भाग आकसतो आणि बाहेरचा जागचा हलत नाही. दिसायला दोरा अख्खा, पण उकळत्या पाण्यात पडला की तिथंच तुटतो. म्हणून पहिले चार-पाच तास घरात सावलीत, पंख्याखाली, मलमलवर. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते अकराचं ऊन. दुपारी आत घ्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच.

मांजराकाठ

गच्ची नसलेल्यांनी एअर फ्रायरमध्ये?

रसायनी

वारा जोरात असतो, दोरे उडतात आणि कडा करपतात. ओव्हन ७० अंशांवर, दार बोटभर उघडं, अडीच-तीन तास. मध्ये एकदा उलटवा.

बालाघाटी

पूर्ण वाळलं की नाही हे वजनानं बघा, त्यात चूक होत नाही. पिठात मुळात बारा-एक टक्के ओल असतेच. तुम्ही ५०० ग्रॅम पीठ घेतलं, पाणी घातलं, ते सगळं उडून नूडल्स पुन्हा ५०० च्या आसपास किंवा खाली आल्या म्हणजे पिठाइतक्याच कोरड्या झाल्या. ५४० भरल्या तर आत पाणी आहे, पावसाळ्यात हमखास बुरशी. काटा नसेल तर एक गुंडाळा काचेच्या बरणीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काचेला आतून दमटपणा दिसला किंवा दोरा 'कट्' न होता वाकला, तर अजून एक दिवस.

मालदांडी

या सगळ्यात आपल्या शेंगुळ्यांचं कुणी नाव घेत नाही. ज्वारी, बेसन आणि थोड्या कणकेचं पीठ लसूण-जिरे-तिखट घालून घट्ट मळायचं, हातावर वळायचं आणि मसाल्याच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. दोराही तोच, रस्साही तोच, पिठानं दाटतो तोही तसाच. वाळवण नाही, वाफ नाही, पंचवीस मिनिटांत ताटात.

खमंग_फोडणी

शेंगुळे आठवड्यातून एकदा हवेतच, वरून कच्चं तेल घेऊन. पण शाळेतून आलेलं पोर पंचवीस मिनिटं थांबत नाही, मालदांडीभाऊ.

मालदांडी

मग सकाळीच वळून ओल्या फडक्यात ठेवा. संध्याकाळी फक्त सोडायचे, बारा मिनिटं.

गोदाकाठ

सगळ्यांचं वाचलं, पहिला घाणा ५०० ग्रॅमचाच करते. बन्सी रवा ३००, कणीक २००, क्षार नाही. आता शेवटचं. शिजवताना येसराच्या गुठळ्या होतात, आमटीतही होतात. आणि हे डब्यात किती दिवस राहील?

वळवट

गुठळ्या गरम पाण्यात कोरडं टाकल्यानं होतात. बाहेरचा थर लगेच फुगतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. मसाला आधी अर्धी वाटी *गार* पाण्यात कालवा. एका माणसाला ६० ग्रॅमचा एक गुंडाळा आणि एकूण ३०० मिली पाणी धरा, गार पाणी त्यातलंच. बाकीचं पाणी उकळा, नूडल्स टाका, अडीच मिनिटांनी कालवलेला मसाला ओता, दीड मिनिट ढवळत उकळा आणि गॅस बंद. झाकून एक मिनिट. मटार-गाजर-कोबी घालायची तर नूडल्सच्या दोन मिनिटं आधी पाण्यात सोडा. मोड आलेली मटकी आधी वाफवलेली हवी. ती मूठभर घातली की पोट भरतं आणि नूडल्स ४० ग्रॅममध्ये भागतात.

सूपपाखड

टिकण्याचं: रवा-कणकेच्या वाफवलेल्या नूडल्स स्टीलच्या घट्ट डब्यात तीन महिने निवांत. कणकेत कोंड्याचं तेल असतं, त्यापुढं वास बघून वापरा. सोयाबीन घातलं असेल तर दीड महिन्यात संपवा. मसाला वेगळ्या बरणीत, नूडल्सच्या डब्यात पुडी टाकून ठेवू नका, मिठाला ओल सुटते आणि ती दोऱ्यात जाते. मृग लागायच्या आत एकदा डबा उघडून सकाळचं कोवळं ऊन दाखवा आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा. गरम लावलं तर आतच घाम धरतो.

गोदाकाठ

जाड जाळी कुठल्या दुकानात मिळेल? नांदेडला भांड्यांच्या दोन दुकानांत बारीकच दाखवली.

खमंग_फोडणी

मशीनची जुनी जाळी सोबत न्या, तिच्या व्यासाची दुसरी मागा. आमच्याकडं आठवडी बाजारात लोखंडी सामान घेऊन बसतात त्यांच्याकडं मिळते. पितळी असेल तर पितळीच घ्या, लोखंडी जाळी धुतल्यावर नीट पुसली नाही तर पुढच्या घाण्याचे पहिले दोरे काळपट येतात.